पाळण्यातले नाव आणि तांदळातले नाव : मुलीच्या नामकरणातील परंपरा व नावीन्य

मुलीचे बारसे जवळ आले, की मराठी घरात बहुधा दोन पक्ष पडतात. एका पक्षाला आजीचे, कुलदेवतेचे किंवा पुराणातले नाव हवे असते. दुसऱ्याला असे नाव हवे असते, की जे वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलीचे नसेल. पहिल्या पक्षाला परंपरानिष्ठ व दुसऱ्याला आधुनिक ठरवले, की चर्चा तेथेच थांबते. मात्र पाळण्यात ठेवलेले नाव मुलीजवळ आयुष्यभर राहणार, हे दोन्ही पक्षांनी मनोमन धरलेले असते. एकोणिसाव्या शतकापासूनच्या मराठी व बंगाली स्त्रीनामांचा मागोवा घेतला, तर हे गृहीतक अलीकडचे असल्याचे दिसते. जुने नाव की नवे नाव या प्रश्नाआधी, नाव कोणाचे व किती काळाचे, हा प्रश्न येतो. या प्रश्नाच्या उजेडात मराठी आणि बंगाली परंपरांतील काही उदाहरणे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. परंपरेतील मतभेद

ज्या परंपरेचा आधार घेतला जातो, ती एकमुखी नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सुलभ, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगलसूचक, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वादवाचक असावे, असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असलेल्या कन्येशी विवाह करू नये, असा निषेध आहे. महाराष्ट्राने हा निषेध मानल्याचे दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा ही नद्यांची, रोहिणी व रेवती ही नक्षत्रांची आणि मैना हे पक्ष्याचे नाव येथील घराघरांत नांदत आले आहे. आज ज्या नावांना ‘अस्सल पारंपरिक’ म्हटले जाते, त्यांतील बरीचशी शास्त्रवचनाला डावलून रूढ झालेली लोकपरंपरेची नावे आहेत.

तिसरे प्रमाण पंचांगाचे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ आद्याक्षरे अवकहडा चक्रात दिलेली असतात. अश्विनीची चू, चे, चो, ला ही अक्षरे पुष्कळांना पाठ असतात. परंतु आर्द्रा, हस्त आणि उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांच्या वाट्याला अनुक्रमे ‘ङ’, ‘ण’ आणि ‘ञ’ ही अक्षरेही आली आहेत, आणि त्या अक्षरांनी सुरू होणारे नाव मराठीत सापडत नाही. त्यामुळे पंचांग मानणाऱ्या घरातही राशीचे नाव पत्रिकेत ठेवून व्यवहाराचे नाव निराळे ठेवण्याची सोय करावी लागली. म्हणजे दोन नावांची व्यवस्था परंपरेनेच मान्य केलेली होती. मुलींच्या बाबतीत तिचा पुढला टप्पा विवाहाचा.

२. तांदळातले नाव

आत्याने बाळाच्या कानात सांगितलेले नाव मुलाला जन्मभर पुरे. मुलीला ते विवाहापर्यंतच पुरत असे. वधूचा गृहप्रवेश झाल्यावर ताटात तांदूळ पसरून वराने सोन्याच्या अंगठीने त्यावर तिचे नवे नाव लिहायचे, ही प्रथा महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत रूढ होती आणि काही घरांत आजही पाळली जाते. वाराणसीत जन्मलेली मणिकर्णिका १८४२ मध्ये झाशीची सून झाली आणि लक्ष्मीबाई म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याही माहेरच्या मनकर्णिका गोखले. एक नाव तीर्थाचे, दुसरे सासरच्या भरभराटीचे. एका नावाच्या जागी दुसरे येण्याची ही दिशा बोलकी आहे.

‘यमुना’ या नावाचा प्रवास अधिक लक्षणीय आहे. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झालेल्या रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. १८७४ मध्ये गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झालेल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई याही जन्मनावाने यमुनाच. साहित्यात पाहावे, तर बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीची नायिका यमुना, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ची निवेदिका यमूच. याउलट १८६० च्या दशकातील अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या नायिका ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’. घरातल्या स्त्रीचे दुःख सांगायचे, तर लेखकाला घराघरांतले नाव लागत होते. घराबाहेरचे स्वप्न रंगवायचे, तर कोणत्याही घरात न आढळणारे. सर्वसामान्य आणि विरळा या नावांतील भेद मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच वास्तव आणि अद्भुत या भेदाशी असा जोडला गेला.

३. हौसेचे नाव आणि त्याची किंमत

बंगालमध्येही विवाहप्रसंगी नाव बदलल्याची उदाहरणे आहेत, परंतु ठाकूर घराण्यातल्या उदाहरणात बदलाची दिशा वेगळी दिसते. १८८३ मध्ये रवींद्रनाथांशी विवाह झाल्यावर भवतारिणी ही मृणालिनी झाली. देवीच्या नावाच्या जागी येथे काव्यातले कमळ आले. त्यापूर्वी १८७८ मध्ये मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहत असताना रवींद्रनाथांनी त्यांची कन्या अन्नपूर्णा हिला ‘नलिनी’ हे नाव दिले होते. अन्नपूर्णेच्या जागी नलिनी, भवतारिणीच्या जागी मृणालिनी. दोन्ही वेळी नाव देणारा कवी एकच आणि नावांचे कुलही एकच. तरी एक भेद महत्त्वाचा आहे. रवींद्रनाथांच्याच आठवणीनुसार अन्नपूर्णेने ते नाव स्वतः मागून घेतले होते. दुसरे नाव विवाहाबरोबर आले.

नव्या नावाची हौस मुलीला कितपत तारते, हा प्रश्न पुढे रवींद्रनाथांच्या कथांतच उभा राहिला. ‘देनापाओना’ (१८९१) या कथेच्या आरंभी पाच मुलांनंतर झालेल्या कन्येचे नाव आईबाप लाडाने निरुपमा ठेवतात. गणेश, कार्तिक, पार्वती अशी देवादिकांची नावे असलेल्या त्या कुळात इतके शौकीन नाव पूर्वी कोणी ऐकलेले नसते. पण सासरी या नावाला मोल नाही. हुंड्याची रक्कम पुरी न झाल्याने निरुपमेचा छळ आणि अखेर मृत्यू ओढवतो. लगोलग दुप्पट हुंड्याची दुसरी सून ठरते. जिला उपमा नाही असे नाव लाभलेली मुलगी सासरच्या हिशेबात सहज बदलता येणारी वस्तू ठरते. ‘सुभा’ (१८९३) या कथेत थोरल्या बहिणी सुकेशिनी व सुहासिनी, म्हणून यमक जुळवण्यासाठी धाकटी सुभाषिणी. आणि तीच मुकी निघते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही मराठी म्हण हसत हसत सांगते तेच या कथा गंभीरपणे सांगतात. नाव ही आईबापांची इच्छा असते. मुलीच्या भवितव्याची हमी ते देऊ शकत नाही.

४. नकोशीचे नाव

या इच्छेची काळी बाजूही परंपरेतच आहे. मुलीवर मुली झाल्या, की पश्चिम महाराष्ट्रात ‘नकुशा’, ‘नकोशी’ हे नाव ठेवले जाई. बंगालीत ‘आन्नाकाली’, म्हणजे ‘कालीमाते, आता पुरे’, आणि ‘नको’ असे उघड सांगणारे ‘चायना’; राजस्थानात पोट भरल्याचे सांगणारे ‘धापू’; तमिळमध्ये ‘वेंडाम’. भाषा निरनिराळ्या आहेत, वाक्य एकच आहे. ही नावे वरवर मुलीची. त्यांतला संदेश मात्र देवाला उद्देशून आहे आणि त्याचा विषय पुढचा मुलगा आहे. हरियाणातील कुस्तीगीर अंतिम पंघाल हिचे नावही ही शेवटची मुलगी ठरावी या इच्छेतून ठेवले गेले. २०२२ मध्ये वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. तिने नाव बदलले नाही. नावाला नवा संदर्भ दिला. परंतु सर्वच मुलींना अशी संधी मिळत नाही.

म्हणूनच २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे झालेला समारंभ या चर्चेत निर्णायक महत्त्वाचा आहे. जिल्ह्यातील नकुशा नावाच्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. कोणी चित्रपटतारकेचे ऐश्वर्या हे नाव घेतले, कोणी सावित्री, कोणी वैशाली. म्हणजे पारंपरिक की नवे, हा प्रश्न या मुलींपुढेही होता आणि त्यांनी त्याची उत्तरे निरनिराळी दिली. सावित्री घेणारी मुलगी मागासलेली आणि ऐश्वर्या घेणारी पुढारलेली, असे म्हणणे व्यर्थ आहे. दोघींनी केलेली कृती एकच होती : दुसऱ्याच्या इच्छेचे ओझे उतरवून स्वतःला उद्देशून असलेले नाव त्यांनी स्वीकारले.

५. नाकारलेले, घेतलेले, दिलेले

स्वतः नाव घेण्याची वाट याआधी लेखिकांनी चोखाळली होती. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध झाले तेव्हा बाळूताई खरे यांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेतले. विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. बाळूताई हे घरचे, मालती विवाहाचे आणि विभावरी स्वतःचे. त्याच सुमारास बंगालमध्ये राधाराणी देवी ‘अपराजिता देवी’ या नावाने कविता लिहीत होत्या. वैधव्यानंतर १९३१ मध्ये त्यांचा नरेंद्र देव यांच्याशी पुनर्विवाह झाला, तेव्हा रवींद्रनाथांनी त्यांना ‘नवनीता’ हे नाव देऊ केले. राधाराणींनी ते नाकारले. त्या नावारूपाला आलेल्या लेखिका होत्या. १९३८ मध्ये त्यांना कन्या झाली, तेव्हा तेच नाव रवींद्रनाथांनी त्या बाळाला दिले. ती मुलगी म्हणजे पुढे जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचे अध्यापन करणाऱ्या लेखिका नवनीता देव सेन. आईला विवाहाचे म्हणून नको असलेले नाव मुलीला जन्माचे म्हणून लाभले, आणि ते अखेरपर्यंत तिचेच राहिले.

याहून आधीचे आणि मराठी-बंगाली या दोन्ही कुलांना जोडणारे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या कन्येचे आहे. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला; त्यांचे ‘रमा’ हे नाव कायम राहिले. १८८१ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव मनोरमा ठेवले गेले. नाव संस्कृत आहे, मंगल आहे, दीर्घ स्वरान्त आहे. मनूच्या कसोटीलाही उतरते. पण त्या नावात ‘रमा’ आहे. बापाचे नाव व कुळाचे आडनाव मुलीला आपोआप मिळते. येथे आईचे नाव मुलीच्या नावातच वसले आहे. परंपरा आणि नावीन्य एकाच शब्दात नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

६. आजची निवड

आज पाळण्यातल्या नावाचे वजन वाढले आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम अनिवार्य झाला आहे. मुलीला आता विवाहात नवे नाव मिळेलच असे नाही. उलट तिचे नाव पुढे तिच्या अपत्याच्या नावातही वाचले जाईल.

या स्थितीत जुने की नवे, एवढाच कौल अपुरा आहे. आजीचे नाव ठेवताना ते आजीचे जन्मनाव की सासरी मिळालेले, हे विचारले पाहिजे. घरात विसरली गेलेली एखादी यमुना परत आणणे हे कोणत्याही नवलाईच्या नावाइतकेच नवे ठरेल. विरळे नाव ठेवताना ते मुलीला हाक मारण्यासाठी आहे, की आईबापांची रसिकता मिरवण्यासाठी, हेही पाहिले पाहिजे; निरुपमा व सुभाषिणी यांच्या कथा त्याची आठवण देतात. नाव तांदळावर लिहिले जात होते तोवर ते हाताने सारखे करून दुसरे लिहिता येत होते. आज ते सहजासहजी पुसले जाणार नाही. म्हणून मोठेपणी त्या मुलीला ते स्वतःचे म्हणून उच्चारता येईल का, ही कसोटी जुन्या नावालाही लागू आहे आणि नव्यालाही.