शिजियाजुआंग
शिजियाजुआंग (शिह-चिया-चुआंग) : चीनच्या होपे प्रांताची राजधानी, लोहमार्गांचे प्रस्थानक व औद्योगिक शहर. लोकसंख्या १,१२,३५,०८६ (प्रशासकीय क्षेत्रासह, २०२०). हे बीजिंगच्या नैर्ऋत्येस सु. २७० किमी.वर, उत्तर चीनच्या मैदानाच्या पश्चिम कडेला, ताइहांग पर्वताच्या पायथ्याशी वसले आहे. शहराच्या उत्तरेकडून हूथ्वो नदी वाहते. हवामान खंडीय मोसमी असून हिवाळा कोरडा व थंड, तर उन्हाळा उष्ण असतो. पावसाचा मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये पडतो.

‘शिजियाजुआंग’ म्हणजे शी कुळाची वाडी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे खरोखरच एक लहान खेडे होते. या भागाचे ऐतिहासिक केंद्र हूथ्वोच्या उत्तरेकडील तटबंदीचे जंगदिंग नगर हे होय. बीजिंग-हान्को लोहमार्ग १९०६ मध्ये पूर्ण झाला. शान्सी प्रांतातील ताइयुआनकडे जाणारा फाटा मूळ योजनेनुसार जंगदिंगहून निघावयाचा होता. परंतु त्यासाठी हूथ्वोच्या रुंद पात्रावर खर्चिक पूल बांधणे भाग पडले असते. तो खर्च टाळण्यासाठी फाट्याचा आरंभ नदीच्या दक्षिणेस, या खेड्याजवळ करण्यात आला व १९०७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. मुख्य मार्ग प्रमाण रुंदीचा, तर फाटा मीटरमापी होता. त्यामुळे शान्सीतील कोळसा व अन्य माल येथे उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. या कामातूनच वखारी, दुकाने आणि मजुरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या व खेड्याचे शहर झाले. जंगदिंगचे व्यापारी महत्त्व मात्र ओसरले.

शिजियाजुआंग व शेजारचे श्यूमन यांची नावे जोडून १९२५ मध्ये शहरास ‘शिमन’ हे नाव देण्यात आले. १९३७ ते १९४५ या काळात ते जपानच्या ताब्यात होते. जपान्यांनी ताइयुआन मार्गाचे प्रमाण रुंदीत रूपांतर केले आणि पूर्वेकडे देजोउपर्यंत नवा लोहमार्ग बांधला. नोव्हेंबर १९४७ मध्ये साम्यवादी फौजांनी शहर जिंकले. त्यांनी हस्तगत केलेल्या मोठ्या शहरांपैकी हे पहिल्यांतील होय. त्यानंतर पूर्वीचे नाव पुन्हा रूढ झाले. १ डिसेंबर १९४८ रोजी चीनच्या जनता बँकेची स्थापना येथेच झाली व रेनमिन्बी या चलनाच्या पहिल्या नोटा निघाल्या. प्रांताची राजधानी १९६८ मध्ये बाओदिंगहून येथे हलविण्यात आली.

आसमंतात गहू, मका व कापूस ही पिके होतात. कापूस आणि पश्चिमेकडील जिंगशिंगचा कोळसा यांच्या आधारे १९५० नंतर मोठ्या कापडगिरण्या उभारण्यात आल्या. प्रतिजैविक औषधांचा येथील कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला. पेनिसिलिनाच्या देशी उत्पादनात त्याचा वाटा मोठा असून औषधनिर्मिती हा आजही शहराचा प्रमुख उद्योग आहे. २००८ मध्ये येथील सान्लू कंपनीच्या बालकांसाठीच्या दूधभुकटीत मेलामाइन आढळले. भेसळयुक्त भुकटीमुळे देशभरात सु. तीन लाख बालके बाधित झाली. कंपनी दिवाळखोरीत गेली.

जलद औद्योगिक वाढीची किंमत शहराने हवा आणि पाणी यांच्या रूपाने मोजली आहे. पश्चिमेच्या पर्वतरांगेमुळे वारे अडतात व कोळशाचा धूर हिवाळ्यात शहरावर साचून राहतो. २०१३ मध्ये चीनमधील सर्वाधिक प्रदूषित शहरांत याची गणना झाली. शेती व कारखाने यांसाठी झालेल्या अतिरिक्त उपशाने भूजलाची पातळी खूप खालावली. दक्षिणेकडील पाणी उत्तरेस नेणाऱ्या योजनेचा मध्य कालवा डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाल्यावर हा भार काहीसा हलका झाला आहे. शहराचे दोन भाग करणारा मुख्य लोहमार्ग २०१२ मध्ये भुयारातून नेण्यात आला; २०१७ मध्ये मेट्रो सुरू झाली.

भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या दृष्टीने येथील हुतात्मा स्मशानभूमी महत्त्वाची आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक होते. होपे प्रांतातच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी व पुतळा या स्मशानभूमीत असून ते रुग्णालयही आता याच शहरात आहे.

परिसरातील वास्तू शहराहून कितीतरी प्राचीन आहेत. जंगदिंग येथील लुंगशिंग मंदिराची स्थापना ५८६ मध्ये झाली असून, त्यातील अवलोकितेश्वराची (ग्वानयिन) सु. २१ मी. उंचीची कांस्यमूर्ती सुंग राजवटीच्या आरंभीची आहे. आग्नेयीस जाओ परगण्यात ली चून याने सातव्या शतकाच्या सुमारास बांधलेला सु. ३७ मी. गाळ्याचा दगडी कमानीचा पूल आहे. मुख्य कमानीच्या दोन्ही खांद्यांवर लहान कमानी ठेवल्याने पुलाचे वजन घटले व पुराच्या पाण्यास वाट मिळाली. वायव्येकडील शीबाइपो या खेड्यात १९४८-४९ मध्ये साम्यवादी पक्षाचे मध्यवर्ती ठाणे होते.