हा आळस नव्हे, आजाराचा थकवा

"सकाळी पाणी भरलं, डबे केले, की दहा वाजताच अंग गळून जातं. घरचे म्हणतात, एवढं काय काम केलंस?" मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या बाईला असे बोल ऐकावे लागतात. म्हणून आम्ही आधीच सांगतो, हा आळस नव्हे.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावरच हल्ला करते. त्यामुळे मेंदूचे निरोप अडखळत पोहोचतात आणि साध्या कामालाही जास्त शक्ती लागते. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो, स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. बहुतेक रुग्णांना थकवा येतो, पण तो बाहेरून दिसत नाही.

उन्हाने तो वाढतो. पत्र्याच्या घरात दुपारी डोळ्यांपुढे अंधुक होते, पाय जड पडतात. अंग गार झाले की बहुधा हे उतरते. मानेवर ओला पंचा ठेवावा, गार पाण्याने हातपाय धुवावेत, शेगडीजवळचे काम सकाळीच उरकावे.

शक्ती पगारासारखी जपून खर्चावी. मोठे काम सकाळी करावे. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी बसावे. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे बसून करावे. भरलेला हंडा उचलण्याऐवजी लहान कळशीने पाणी आणावे. मात्र दिवसभर पडून राहू नये; डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालावे, हलका व्यायाम करावा.

थकव्याची इतर कारणेही असतात. रक्त कमी असणे, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, रात्री लघवीसाठी वारंवार उठणे, मनाची उदासी, एखादे औषध. सरकारी रुग्णालयात ही तपासणी करून घ्यावी. औषध मनाने बंद करू नये. नजर अंधुक होणे, बधिरपणा, हातापायातील कमजोरी असा नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा अर्ज जरूर करावा. अनेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

आणि घरच्यांनो, पाणी भरण्याची पाळी वाटून घ्या. मुलग्यांनीही हंडा उचलावा. आजारी माणसाला त्या दिवशी औषधाइतकाच त्याचा आधार होतो.