उत्तर ध्रुवाकडील आटलेलीं तळीं

वैशाखांत गांवचें तळें आटलें तर आमच्या विद्यार्थ्यांस त्याचें नवल वाटत नाहीं. मृगाचा पाऊस आला कीं तें पुनः भरेल, हें ते जाणतात. परंतु जें तळें हजारों वर्षें भरलेलें होतें, तेंच आटलें तर?

कॅनडा देशाच्या अगदीं उत्तरेस एल्समेर नांवाचें बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर केप हर्शेल ह्या भूशिरावर कित्येक उथळ तळीं आहेत. हिंवाळ्यांत तीं तळापर्यंत गोठतात व उन्हाळ्यांत थोडे आठवडे मोकळीं होतात. १९८३ सालीं त्यांची पाहणी सुरू झाली. जॉन स्मोल व मॅरिअ‍ॅन डग्लस हे शास्त्रज्ञ त्यासाठीं तिकडे वारंवार जात.

आतां शंभर वर्षांपूर्वींचें हवामान तळ्यास कसें विचारावें? पाण्यांत डायाटम नांवाचें सूक्ष्म शैवाल असतें. त्याचें कवच कांचेसारखें असल्यामुळें तें कुजत नाहीं. गाळांत थरावर थर सांचत जातें. पोकळ नळी गाळांत खुपसून वर काढिली, कीं खालीं जुना काळ व वर नवा काळ, असा जणूं दप्तरखानाच हातीं येतो! बर्फ लवकर वितळलें, तर तळ्यांत मॉस जातीच्या वनस्पति वाढतात व त्यांवर राहणारे डायाटम बळावतात. हजारों वर्षें ह्या थरांत फारसा पालट नव्हता. एकोणिसाव्या शतकापासून मात्र तो ठळक दिसूं लागला. हा शोध १९९४ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें २००६ च्या जुलै महिन्यांत पाहतात तों कांहीं तळीं कोरडीं ठणठणीत! पाणी जमिनींत मुरलें असेल, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु मुरणारें पाणी आपले क्षारहि बरोबर नेतें. येथें तर उरलेल्या पाण्यांतील क्षार वर्षानुवर्षें वाढत गेले होते. आमच्या कोंकणांतील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ह्याचें कारण सांगावयास नको. उन्हाळा लांबला, बर्फाचें झांकण लवकर गेलें, आणि पाऊस व हिम ह्यांनीं जितकें पाणी मिळे त्याहून अधिक वाफ होऊन उडून गेलें.

त्या ओसाड प्रदेशांत पक्षी व कीटक ह्यांस हींच तळीं आधार होत. भोंवतालच्या दलदलींतून जावयास पूर्वीं मांडीपर्यंत येणारे रबरी बूट घालावे लागत. २००६ सालीं तेथील गवत काडी लाविल्यास पेटेल इतकें वाळलें होतें.