‘अमेरिका’ नावाचा नाच

इंग्रजीचा कोशकार डॉ. जॉन्सन १७७३ साली आपल्या बॉस्वेलला बरोबर घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांवर फिरायला गेला. स्काय नावाच्या बेटावर आर्मडेल येथे एका रात्री बॉस्वेलने एक नाच पाहिला आणि आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला. एक जोडी फिरू लागे, तिच्यामागून दुसरी, मग तिसरी, असे होता होता सारे दालनच गरगरू लागे. या नाचाचे नाव होते ‘अमेरिका’. गावातले एक घर बोटीवर चढले की शेजारचे घर बोचकी बांधी आणि बघता बघता अवघा गाव ओस पडे, त्याचेच ते सोंग. देशोधडीला लागण्याचाही नाच करणारे हे लोक कोण असतील, असे कुतूहल कोणालाही वाटेल.

हे लोक गेलिक भाषा बोलणारे. ही भाषा इंग्रजीची बोली नव्हे. तिचे कूळ निराळे, आयरिश भाषेची ती सख्खी बहीण. पुढल्या शतकात जमीनदारांना माणसांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या आणि त्यांनी गावेच्या गावे उठवली. १८७२ साली शिक्षणाचा कायदा झाला, त्यात गेलिकचे नावही नव्हते. शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात काठी अडकवण्याची शिक्षा कित्येक ठिकाणी होती. १८९१ च्या शिरगणतीत अडीच लाखांवर लोक ही भाषा बोलत होते; २०११ साली ते सुमारे ५७ हजार उरले. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात एवढी वस्ती सहज असते.

बॉस्वेलच्या त्या रात्रीला बरोबर दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९७३ साली, त्याच स्काय बेटावरच्या तीन तरुणांनी एक वाद्यमेळ जमवला. रोरी आणि कॅलम मॅक्डोनल्ड हे दोघे भाऊ आणि अकॉर्डियन वाजवणारा त्यांचा मित्र ब्लेअर डग्लस. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची गळ्यात अडकवायची विलायती बहीण. पहिला कार्यक्रम झाला ग्लासगोच्या केल्व्हिन हॉलमध्ये, नॉर्थ यूइस्ट बेटाच्या शहरवासी मंडळींच्या मेळाव्यात. गिरगाव-परळच्या चाळींतून कोकणातल्या गावांची मंडळे असत ना, तसलाच हा प्रकार. पोटासाठी शहरात आलेल्यांनी वर्षातून एकदा जमावे, आपल्या भाषेत बोलावे, नाचावे आणि सकाळी पुन्हा कामावर जावे.

वाद्यमेळाचे नाव ‘रनरिग’. पूर्वी त्या डोंगराळ मुलखात गावची शेतजमीन पट्ट्यापट्ट्यांनी विभागलेली असे आणि ठरावीक काळाने ते पट्टे पुन्हा वाटून घेत, म्हणजे चांगली जमीन कायमची एकाच घराकडे राहू नये. त्या पद्धतीचे हे नाव. नाचगाण्याच्या चमूला जमीनधाऱ्याच्या पद्धतीचे नाव! पोरांच्या मनात काय होते ते एवढ्यावरूनच उमगते.

१९७४ मध्ये डॉनी मन्रो हा गायक येऊन मिळाला. हा चित्रकला शिकलेला, आणि काही काळ त्याने शिक्षकाची नोकरीही केली. १९७८ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती अथपासून इतिपर्यंत गेलिकमध्ये. पुढच्याच वर्षी दुसरी निघाली आणि तिच्यात माल्कम जोन्सची विजेवरची गिटार कडाडली. हे वळण महत्त्वाचे आहे. तोवर गेलिक गाणे म्हणजे आजीच्या ओठांवरचे, नाहीतर वार्षिक स्पर्धेत कोटबीट घालून अदबीने म्हणायचे. आपल्याकडे जात्यावर जशा ओव्या, तशी तिकडे ओले लोकरी कापड आपटून घट्ट करताना बायका म्हणत ती गाणी. एकीने ओळ सांगायची, इतरांनी धरायची. देवळातली स्तोत्रेही याच चालीने, आपल्या भजनात म्होरक्याच्या मागे झिलकरी गातात तशी. असला ठेवा घेऊन, ग्लासगोच्या नाचघरांत जो ठेका वाजतो त्यावर तो चढवणे म्हणजे सोवळे मोडण्यासारखेच होते. पण जुन्या गाण्यांना नुसता नवा ठेका लावून ही मंडळी थांबली नाहीत. रोरी आणि कॅलम यांनी नवी गाणी रचली. लोकगीते गाणारे पुष्कळ असतात. त्याच भाषेत आजचे गाणे लिहावेसे वाटणारा विरळा, आणि भाषेला खरी गरज त्याची असते.

१९८१ च्या ‘रिकव्हरी’ या मुद्रिकेत या लोकांच्या जमिनीचा आणि हालांचा इतिहास आहे. तिच्यात ‘वीस वर्षे’ अशा अर्थाच्या नावाचे एक गेलिक गाणे आहे. शाळेने आम्हाला इतरांचा इतिहास शिकवला, आमचा आम्हाला कळायला वीस वर्षे लागली, असा त्याचा आशय. मराठी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपण शिवाजीमहाराजांच्या पोवाड्यांवर वाढलेली माणसे, म्हणून या गाण्यातली आच आपल्याला चटकन जाणवणार नाही. पण मातृभाषेतून बोलले म्हणून दंड भरून आलेली मुले हल्ली आपल्याही वस्तीत सापडतात. त्यांच्यापैकी एखाद्याने मोठेपणी असे गाणे लिहिले तर नवल नाही.

बॉस्वेलचा नाचही त्यांनी सोडला नाही. ‘अमेरिका नावाचा नाच’ या अर्थाच्या नावाचे त्यांचे गाणे १९८४ मध्ये निघाले. ते मात्र इंग्रजीत!

आणि इथेच वादाला तोंड फुटते. जसजसा नावलौकिक वाढला तसतशी इंग्रजी गाणी वाढत गेली. १९८७ मध्ये ‘द कटर अँड द क्लॅन’ निघाली आणि क्रिसालिस ही बडी कंपनी दाराशी आली. १९९१ च्या जून महिन्यात लॉख लोमंड सरोवराकाठी झालेल्या त्यांच्या जलशाला पन्नास हजार माणसे लोटली. १९९३ ची ‘अमेझिंग थिंग्ज’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. पण या यशाचा मोठा वाटा इंग्रजी गाण्यांचा होता. भाषेच्या जिवावर मोठे होऊन भाषेलाच दुय्यम केले, असा आक्षेप घेता येतो. मला तो पटत नाही. प्रत्येक मुद्रिकेत दोन-तीन तरी गेलिक गाणी ते ठेवीतच, आणि ती न समजताही हजारो तोंडे म्हणत. डेन्मार्क-जर्मनीतले श्रोते तर दोन्ही भाषांना सारखेच परके! गेलिक ही शरमेने घरात लपवायची वस्तू नव्हे, हे बेटावरच्या मुलांना असे भरलेले मैदान पाहून जितके कळले असेल तितके दहा परिसंवादांनी कळले नसते.

१९९५ मधली हकीकत मात्र गमतीची आहे. ‘सर्वांत उंचावरचे सफरचंद’ अशा अर्थाचे त्यांचे आठ वर्षांपूर्वीचे एक गेलिक गाणे कार्ल्सबर्ग बिअरच्या जाहिरातीत वापरले गेले आणि ब्रिटनच्या यादीत अठराव्या क्रमांकाला पोचले. पहिल्या वीसात शिरलेले गेलिकमधले हे पहिलेच गाणे. भजनासारखे गंभीर ते गाणे, आणि त्याला बिअरच्या फेसाने वर यावे लागले! सोवळ्या मंडळींनी नाक मुरडावे अशीच ही गोष्ट. पण आमच्या संतांच्या अभंगाला उद्या कोणी चहाच्या जाहिरातीतून घरोघर पोचवले, तर मी तरी भांडायला जाणार नाही.

१९९७ मध्ये मन्रो राजकारणासाठी बाहेर पडला. मजूर पक्षातर्फे तो पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला आणि चार्ल्स केनेडीकडून हरला. पुढे पेटीवादक पीट विशार्टही स्कॉटिश नॅशनल पार्टीकडून पार्लमेंटात गेला, २००१ साली, तो जिंकला. गायकावाचून मेळ मोडणार असे वाटत असताना १९९८ मध्ये ब्रूस गथ्रो आला. तो आला कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरून. बोटीत बसून गेलेले हजारो गेलिक लोक जिथे उतरले होते, तेच हे बेट. आगगाडीचा परतीचा डबा दोनशे वर्षे उशिरा लागावा, तसे हे झाले.

त्याच्या काळातली एक गोष्ट विसरता येत नाही. लॉरेल क्लार्क ही अमेरिकन अंतराळवीर या मेळाची चाहती होती. कोलंबिया यानावर त्यांच्या एका गाण्याने तिला सकाळी जाग आणली होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले. तिच्यासह सातही जण गेले. विखुरलेल्या अवशेषांत रनरिगची ती तबकडी सापडली, आणि तिच्या घरच्यांनी ती या गायकांच्या हवाली केली. २०१६ च्या शेवटच्या मुद्रिकेत त्यांनी तिच्या आठवणीचे गाणे केले आणि त्याच्या अखेरीस तिचा आवाज ठेवला.

१७ आणि १८ ऑगस्ट २०१८ रोजी स्टर्लिंगच्या किल्ल्याखालच्या मैदानावर शेवटचे दोन जलसे झाले. पंचेचाळीस वर्षे पुरी झाली होती. गथ्रो २०२३ मध्ये वारला. २०२२ च्या शिरगणतीत गेलिक बोलणारे सुमारे ७० हजारांवर गेले आहेत. बेटांवरच्या घरांतून मात्र ती ओसरतेच आहे, वाढते आहे ती शहरांतल्या शिकणाऱ्यांत. २०२५ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने तिला अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. आणि मेळ थांबला त्याच वर्षी, २०१८ मध्ये, स्कायच्या पोर्ट्री गावी एक नवी प्राथमिक शाळा उघडली. तिथे सगळे विषय गेलिकमधून शिकवतात.