भित्यापाठी ब्रह्मराक्षस

वारीत मोबाइलवर टिपलेली चित्रफीत विकिमीडिया कॉमन्सवर चढवू पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे एकच अडथळा भेटत असे. मोबाइलमधली एमपी४ फाइल तिथे घेतली जात नसे; आधी तिचे ऑग किंवा वेबएममध्ये रूपांतर करावे लागे. एमपी४ला दार उघडावे का, असे २०१४ साली समुदायालाच विचारले गेले. कौल नकाराचा पडला. चित्रण तुमचे, मोबाइल तुमचा, मग आडकाठी कसली? दिंडीवर कुणाचाच हक्क नव्हता. ती ज्या रीतीने दाबून फाइलमध्ये बसवली होती, त्या रीतीवर मात्र पेटंटे होती.

घडी घालण्याची कला

पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर एका मिनिटाला नऊ जीबीहून अधिक माहिती होते. ती जशीच्या तशी पाठवणे अशक्य, म्हणून कोडेक. दिंडी पुढे सरकते, मागचे वडाचे झाड जागीच असते. मग प्रत्येक चौकटीत झाड पुन्हा कशाला लिहायचे? मागच्या चौकटीतला अमुक तुकडा इतका सरकला, एवढी नोंद पुरते. कोडेक म्हणजे अशा अनेक युक्त्यांची मोट, आणि त्यातल्या कितीतरी युक्त्या पेटंटखाली.

कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला असतो. प्रोग्रॅम स्वतः नव्याने लिहिला की सुटका होते. पेटंट रीतीला असते. ती तुम्हाला स्वतंत्रपणे सुचली असली, तरी सुटका नाही. अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन केल्याचे ठरले, तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून तिथे अभियंत्यांना पेटंटे वाचूच नका असेही बजावले जाते! भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाकारते. पण जगभर वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरला एका देशातला आडोसा पुरत नाही.

थिओराची कहाणी

२००१ साली ऑन२ या अमेरिकी कंपनीने आपला व्हीपी३ हा कोडेक खुला केला आणि त्यावरची आपली पेटंटे कुणाविरुद्ध वापरणार नाही, अशी हमी दिली. झिफ या ना-नफा संस्थेने त्यावरून थिओरा घडवला. २००८च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. वेबपानांसाठीच्या एचटीएमएल५ या मानकाच्या मसुद्यात ब्राउझरांनी थिओरा चालवावा, अशी शिफारस होती. नोकियाने आणि ॲपलने नाके मुरडली. २००७च्या डिसेंबरात ती शिफारस काढली गेली.

हरकत अशी, की ऑन२ने आपली पेटंटे सोडली, पण तिसऱ्याच कुणाचे पेटंट पाण्याखाली दडले असेल तर? याला ‘पाणबुडी पेटंट’ म्हणतात: वापर पसरेपर्यंत गप्प राहायचे आणि श्रीमंत गिऱ्हाईक दिसले की वर यायचे.

दुसऱ्या बाजूला २००३ सालचा एच.२६४ हा कोडेक होता; मोबाइलच्या एमपी४ फाइलींत सहसा तोच असे. एमपीईजी एलए ही संस्था अनेक मालकांची पेटंटे एकत्र करून त्याचा परवाना विकत असे. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरसाठी त्याचा खर्च वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत जाई. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा सवाल पैशांपुरता नव्हता. आम्ही परवाना घेतला, तरी आमचा प्रोग्रॅम पुढे बदलून वाटणाऱ्यांना तो लागू होणार नाही. मग त्याला मुक्त कसे म्हणायचे?

२०१०च्या एप्रिलमध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ यांनी एका ईमेलमध्ये लिहिले, की थिओरा आणि इतर मुक्त कोडेकांचा समाचार घेण्यासाठी पेटंटांची जुळवाजुळव चालू आहे. पेटंटाचा क्रमांक नाही, मालकाचे नाव नाही. धाक तेवढ्यानेही बसतो. नाव घेतले असते, तर उलटतपासणी करता आली असती.

नाव घेतल्यावर

गुगलने ऑन२ विकत घेऊन मे २०१०मध्ये तिचा व्हीपी८ हा कोडेक मुक्त केला. एमपीईजी एलएने फेब्रुवारी २०११मध्ये त्याविरुद्धची पेटंटे मागवली. मार्च २०१३मध्ये ११ मालकांसाठी गुगलशी तडजोड झाली आणि पेटंटांचा वेगळा समूह उभारण्याचा बेत सोडला गेला. नोकियाने मात्र ६४ पेटंटांची यादी पुढे केली. त्यातल्या एका पेटंटावरून एचटीसी या मोबाइल कंपनीवर भरलेल्या खटल्यात ऑगस्ट २०१३मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या न्यायालयाने उल्लंघन नसल्याचा निकाल दिला.

खरी गंमत पुढे आहे. मुक्त कोडेक अनिश्चित, पैसे मोजलेला निर्धोक, हा युक्तिवाद एच.२६४च्या पुढच्या, २०१३ सालच्या एच.२६५ने मोडीत काढला. त्याच्या परवान्यांसाठी एक सोडून तीन समूह उभे राहिले आणि काही मालक तिघांच्याही बाहेर. पैसे भरायला तयार असलेल्यालाही एकूण किती भरायचे ते कळेना. २०१५मध्ये गुगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स आदी सात कंपन्या मुक्त कोडेक घडवण्यासाठी एकत्र आल्या. २०१८च्या मार्चमध्ये त्यांचा रॉयल्टीमुक्त एव्ही१ जाहीर झाला. त्याआधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ॲपलही त्या पंगतीला येऊन बसले. एव्ही१च्या परवान्यात मेख आहे: त्यावरून दावा ठोकणाऱ्याचा स्वतःचा मोफत परवाना संपतो. तरीही २०१९मध्ये पेटंटांचे परवाने विकणाऱ्या सिस्व्हेलने पडदा असलेल्या प्रत्येक उपकरणामागे ३२ युरो सेंट मागितलेच.

म्हणजे ब्रह्मराक्षस अगदीच खोटा नव्हता. पण तो मुक्त आणि विकतच्या अशा दोन्ही वाटांवर होता. मुक्त वाटेवर त्याची भीती जास्त दाखवली गेली, कारण त्या वाटेने जाणारे एकटे आणि फाटक्या खिशाचे होते. थिओरा नाकारणाऱ्या ॲपलने एव्ही१ स्वीकारला, तेव्हा पाणबुड्या नाहीशा झाल्या नव्हत्या. सोबतीला बलदंड मंडळी आली होती.

ऑक्टोबर २०२३मध्ये गुगलने क्रोममधून थिओरा काढण्याचे जाहीर केले. कारणे दोन: सुरक्षेचा धोका आणि नगण्य वापर. पेटंटाचा त्यात उल्लेख नव्हता. वापर नगण्य का राहिला, याचे उत्तर मात्र २००७च्या डिसेंबरातच लिहून झाले होते.