साथीच्या छायेतील सामने

रग्बी हा अंडाकृती चेंडूचा झटापटीचा खेळ. हाँगकाँग शहरात १९७६ पासून सात-सात गड्यांच्या रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने भरत आले आहेत. बहुतेक सामना अवघ्या चौदा मिनिटांचा! २००३ च्या मार्चमध्ये त्या शहरात सार्स हा श्वसनाचा रोग पसरला. खोकल्यावाटे उडणाऱ्या तुषारांतून तो दुसऱ्यास जडे. २९ मार्चपासून शाळा बंद झाल्या. सामने मात्र त्याच दिवसांत खेळले गेले. काही संघ आलेच नाहीत. इंग्लंडचा संघ विजयी झाला खरा. पण मुलांना वर्गात बसणे धोक्याचे, तर हजारो प्रेक्षकांनी खेटून बसणे निर्धोक कसे? त्या साथीत हाँगकाँगमध्ये २९९ माणसे दगावली. २०२० साली कोविडची साथ येताच चालकांनी सामने प्रथम पुढे ढकलले, नंतर रद्दच केले. ते पुन्हा भरले २०२२ च्या नोव्हेंबरात.