मागील पानावरून पुढे : सैनिकांची मुले आणि आपल्या शाळा

बँकेच्या नोकरीत खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करण्याचे काम मी वर्षानुवर्षे पाहिले. खाते कोठेही गेले तरी शिल्लक एका पैशानेही कमी होत नसे. आपल्या पेढीच्या खतावणीतही पान संपले की बेरीज ‘मागील पानावरून पुढे’ आणली जाते. शाळा बदलणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र हा साधा नियम आपण पाळत नाही. हे मला निवृत्तीनंतर उमगले, आणि तेही स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीमुळे.

सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी तेव्हा खजिनदार होतो. नोव्हेंबरात एक भगिनी सातवीतल्या मुलाला घेऊन कार्यालयात आल्या. पती लष्करात होते. त्यांची नेमणूक सीमेवर झाली होती, तेथे कुटुंब नेण्याची सोय नव्हती. म्हणून त्या सासरच्या गावी परतल्या होत्या. “साहेब, दाखला पोस्टाने येतोय. तोवर त्याला नुसतं वर्गात बसू द्या,” एवढीच त्यांची विनंती होती. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “ताई, दाखल्याशिवाय नाव पटावर घेता येत नाही.” कागदपत्रांची शिस्त अंगी मुरलेली, त्यामुळे आपण काही चुकीचे बोललो असे मला वाटलेही नाही. दाखला यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस तो मुलगा घरी बसून राहिला.

पुढे एका वकील स्नेह्यांनी मला २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचायला दिला. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असे त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मी ज्याला नियम समजत होतो, तो नियमाचा भंग होता. त्या पाच आठवड्यांची भरपाई मला कोणत्याही खात्यातून करता येणार नव्हती.

सैनिकांच्या मुलांसाठी सरकारने शाळा काढल्या आहेतच की, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या व सैनिकांच्या मुलांना देशभर एकच अभ्यासक्रम मिळावा, म्हणून १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. प्रारंभी तीत लष्करी ठाण्यांतील २० शाळा घेतल्या होत्या. १९८३ पासून सैन्याच्या कल्याणकारी शिक्षण संस्थेच्या शाळाही आहेत. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. मात्र तिचा हेतू मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी घडविणे हा आहे. छावणीत राहणाऱ्या कुटुंबाची सोय या व्यवस्थेमुळे होते. पण वडील सीमेवर गेले की आई मुलांसह गावी येते, आणि तेथे असते ती तुमच्याआमच्या संस्थेची शाळा. ज्या जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या एकाच गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे.

त्या मुलाच्या अडचणी वर्गशिक्षिकेने मला नंतर सांगितल्या. तो घरी मराठी बोले, पण लिहिणे हिंदीच्या वळणाचे. ‘ळ’च्या जागी ‘ल’ लिही. मुले त्याला ‘हिंदीवाला’ म्हणत. गणितातील काही धडे त्याचे आधीच झाले होते. तेथे तो कंटाळे आणि खोडकर ठरे. इतर काही धडे कधीच झाले नव्हते. तेथे तो ढ ठरे. सीमेवरची बातमी आली की त्या दिवशी त्याचे फळ्याकडे लक्ष नसे. माझीही मुलगी तीन गावांत शिकली. पण तिचा बाप रोज संध्याकाळी घरी येत होता. हा फरक मोठा आहे.

त्यानंतर समितीत मी ठराव मांडला. मूल येईल त्याच दिवशी त्याला वर्गात बसवायचे, दाखला मागाहून. पहिल्या आठवड्यात त्याचे काय शिकून झाले आणि काय राहिले, याची एका पानावर नोंद करायची. हीच त्याची मागील शिल्लक. तीन महिने निवृत्त शिक्षकांनी रोज अर्धा तास मराठी लेखन घ्यायचे. आईला केव्हाही भेटता येईल अशी एक शिक्षिका नेमायची. वडिलांना सुटी मिळेल तेव्हा पालकभेट, नाहीतर फोनवर. आणि १५ ऑगस्टला मुलाची इच्छा विचारल्याखेरीज त्याला व्यासपीठावर उभे करायचे नाही. वर्षाचा एकूण खर्च वह्या आणि चहापाणी एवढाच झाला.

आपल्या व्यापारी बांधवांनाही येथे वाव आहे. नोव्हेंबरात गणवेश मिळत नाही; कापड दुकानदाराने चार जोड बाजूला ठेवावेत. घरमालकाने एकट्या आईला घर नाकारू नये, आणि वर्षाच्या मध्येच बदली झाली तर अनामत अडवू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिष्यवृत्तींची व वसतिगृहांची माहिती शाळेच्या फलकावर लावावी.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढे साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात एकत्र वाढविले. दुसऱ्याच्या मुलाला आपल्या छपराखाली घेण्याची रीत आपल्याला नवी नाही.

तो मुलगा दोन वर्षांनी पुन्हा बदलून गेला. जाताना शिक्षिकेने दाखल्यासोबत नोंदीचे ते पान त्याच्या हाती दिले. दाखल्यावर सही मुख्याध्यापकांची होती. नोंदीच्या पानाखाली मात्र मी आग्रहाने माझी सही केली. पाच आठवड्यांचे देणे त्याने फिटले नाही, पण पुढच्या शाळेला त्याची शिल्लक तरी कळली असेल.